कचेरींतील ज्ञानाची देवघेव

झांकली मूठ सव्वा लाखाची, अशी एक जुनी म्हण मराठींत आहे. मुठींत खरोखर काय आहे हें कोणास ठाऊक नसतें, म्हणूनच तिची किंमत टिकून राहते, हा तिचा भावार्थ. कामधंद्याच्या जगांत या म्हणीचा अनुभव पदोपदीं येतो. कचेरींतील एखादा जुना हेडक्लार्क घ्या. कोणता कागद कोणत्या फडताळांत आहे, कोणत्या साहेबापुढें कोणता मुद्दा कसा मांडावा, हें त्या एकट्यालाच माहीत असतें. छापखान्यांतील जुन्या जुळाऱ्याचा हात, गिरणींतील मुरलेल्या जॉबरचा कान, वैद्याच्या घराण्यांत चालत आलेली एखादी मात्रा, या सर्वांची गोष्ट तीच. तो माणूस कामावरून निवृत्त झाला कीं त्याचें ज्ञान त्याच्याबरोबर घरीं जातें, आणि मागें राहिलेल्यांना पुन्हां पहिल्यापासून चांचपडावें लागतें.

संगणकाच्या युगानें ही मूठ उघडण्याचा मोठा प्रयत्न केला. एकाच संस्थेंत काम करणाऱ्या माणसांनीं एकमेकांशीं लिहून बोलावें, एकाला सुचलेलें दुसऱ्याला दिसावें, चारचौघांनीं मिळून एकच लेख तयार करावा, यासाठीं गेल्या अर्धशतकांत आणि त्याहूनही थोड्या अधिक काळांत अनेक साधनें निघालीं. आज मुंबईच्या किंवा पुण्याच्या कचेरींत काम करणारा तरुण सकाळीं प्रथम अशाच एखाद्या जाळ्यावर हजेरी लावतो आणि मग कामाला लागतो. या साधनांचा इतिहास बहुधा यंत्रांचा इतिहास म्हणून सांगितला जातो: अमक्या सालीं अमकें निघालें, तमक्या सालीं त्याहून वेगवान तमकें आलें. परंतु त्यांत मुख्य प्रश्न राहूनच जातो. साधन हातीं आलें म्हणजे माणसें मूठ उघडतात काय? आणि उघडतात तीं कशामुळें? या प्रश्नाचें उत्तर यंत्रशाळेंत सांपडत नाहीं. तें एका सल्लागार कंपनीच्या कचेरींत आणि झेरॉक्सचीं यंत्रें दुरुस्त करणाऱ्या तंत्रज्ञांच्या न्याहारीच्या टेबलावर सांपडतें.

या इतिहासाचा आरंभ ९ डिसेंबर १९६८ या दिवसापासून धरण्याचा प्रघात आहे. त्या दिवशीं अमेरिकेंत सॅन फ्रान्सिस्को येथें भरलेल्या संगणकशास्त्रज्ञांच्या परिषदेंत डग्लस एंगलबार्ट यांनीं दीड तासांचा एक प्रयोग करून दाखविला. ते स्वतः व्यासपीठावर बसले होते. त्यांचा संगणक मात्र सुमारें तीस मैलांवर, मेन्लो पार्क येथील स्टॅनफर्ड संशोधन संस्थेंत होता. समोरच्या भव्य पडद्यावर एंगलबार्ट यांचा मजकूर आणि दूरच्या सहकाऱ्याचा चेहरा एकाच वेळीं दिसत होता, आणि ते दोघे एकाच मजकुरावर मिळून काम करीत होते. आज घरोघरीं दिसणारा 'माउस' मोठ्या सभेपुढें प्रथम आला तो याच प्रयोगांत. परंतु एंगलबार्ट यांच्या मनांतील गोष्ट त्याहून मोठी होती. जगापुढील प्रश्न एकेकट्या बुद्धीला पेलण्यासारखे राहिलेले नाहींत. तेव्हां माणसांच्या समूहाची बुद्धि वाढवील असें साधन निर्माण केलें पाहिजे, हा त्यांचा ध्यास होता.

तीन वर्षांनीं अशा कल्पनेला सरकारी कारभाराची कसोटी लागली. १५ ऑगस्ट १९७१ रोजीं राष्ट्राध्यक्ष निक्सन यांनीं महागाई रोखण्यासाठीं वेतनें व किमती नव्वद दिवस गोठविण्याची घोषणा केली. आदेश एका रात्रींत सुटला. परंतु त्याची अंमलबजावणी देशभर पसरलेल्या कचेऱ्यांना करावयाची होती. अमका व्यवहार या आदेशांत बसतो कीं नाहीं, अशा प्रश्नांना एका कचेरीनें एक उत्तर द्यावें आणि दुसरीनें त्याच्या नेमकें उलट द्यावें, असें झालें असतें तर आदेशाची अब्रू राहिली नसती. आणीबाणीच्या तयारीचें काम पाहणाऱ्या सरकारी खात्यांत त्या वेळीं मरे टुरॉफ हे काम करीत होते. त्यांनीं 'एमिसरी' नांवाची व्यवस्था उभी केली. टंकलेखनयंत्रासारख्या साधनांवरून ठिकठिकाणचे अधिकारी एकाच संगणकाशीं जोडले गेले, आणि एकानें लिहिलेलें दुसऱ्याला आपल्या जागेवरून वाचतां येऊं लागलें. येथें देवघेव सुरळीत चालण्यासारखी परिस्थिति होती. जबाबदारी सर्वांची एकच होती, मुदत थोडी होती, आणि माहिती दडवून ठेवण्यांत कोणाचाच लाभ नव्हता.

१९७३ सालीं इलिनॉय विद्यापीठांत घडलेली गोष्ट दिसावयास क्षुल्लक, परंतु फार बोधप्रद आहे. तेथें शिक्षणासाठीं उभारलेली 'प्लेटो' नांवाची संगणकव्यवस्था होती. तिच्यांतील दोष कळविण्यासाठीं संगणकांतच एक सामायिक वही ठेवलेली असे. त्या वहींत वाटेल त्यानें लिहावें आणि वाटेल त्यानें खोडावें. मजकुराखालीं नांव असेलच असा नेम नव्हता. आणि एखाद्या खोडकरानें सबंध वहीच पुसून टाकावी, असेंही मधून मधून होई. डेव्हिड वूली या अवघ्या सतरा वर्षांच्या मुलाकडे या गोंधळावर उपाय शोधण्याचें काम आलें. त्यानें रचलेल्या नव्या व्यवस्थेंत प्रत्येक टिपणाबरोबर लिहिणाराची ओळख व तारीख आपोआप नोंदली जाई; त्यांत दुसऱ्याला ढवळाढवळ करतां येत नसे; आणि उत्तरें त्याच टिपणाखालीं ओळीनें लागत. थोडक्यांत सांगावयाचें तर टिपणाला धनी मिळाला. पूर्वींची वही सर्वांची होती, म्हणूनच ती कोणाचीच नव्हती. नव्या वहींत प्रत्येक ओळ कोणाची तरी होती, आणि म्हणूनच ती सर्वांच्या उपयोगी पडूं लागली.

'प्लेटो'वर वाढलेल्या विद्यार्थ्यांपैकीं रे ओझी हे एक. विद्यापीठांतील टिपणवहीचा लाभ व्यापारी कचेऱ्यांनाही व्हावा या हेतूनें त्यांनीं १९८४ सालीं सहकाऱ्यांसह एक छोटी कंपनी काढली, आणि १९८९ च्या डिसेंबरांत 'लोटस नोट्स' हें साधन बाजारांत आलें. मोठमोठ्या कंपन्यांनीं त्याचें स्वागत केलें. पुढें १९९५ सालीं आय. बी. एम. या कंपनीनें लोटस ही कंपनी सुमारें साडेतीन अब्ज डॉलर देऊन विकत घेतली, यावरून या साधनाविषयीं केवढ्या आशा बाळगल्या गेल्या होत्या याची कल्पना येईल. एका शहरांतील कचेरीनें सोडविलेला प्रश्न दुसऱ्या शहरांतील कचेरीला पुन्हां सोडवावा लागूं नये, ही अपेक्षा अगदीं रास्त होती. प्रश्न एवढाच होता कीं, ज्यानें तो सोडविला त्यानें तो दुसऱ्याला कां सांगावा?

हाच प्रश्न वांडा ऑर्लिकोव्स्की या विदुषीच्या अभ्यासांतून पुढें आला. अमेरिकेंतील एका मोठ्या सल्लागार कंपनीनें हें साधन हजारों नोकरांच्या हातीं दिलें होतें. ऑर्लिकोव्स्की यांनीं तेथें जाऊन माणसें त्याचा उपयोग कसा करतात हें पाहिलें, आणि आपले निष्कर्ष १९९२ सालीं प्रसिद्ध केले. कंपनीचें नांव त्यांनीं उघड केलें नाहीं. साधन उत्तम होतें, त्यावर द्रव्य ओतलेलें होतें, वरिष्ठांचा उत्साह दांडगा होता. आणि तरीही सल्लागार मंडळी त्यावर आपलें ज्ञान मांडावयास तयार नव्हती.

याचीं कारणें त्या कचेरीच्या रीतींतच होतीं. तेथें प्रत्येक सल्लागाराच्या दिवसाचा तास न् तास कोणत्या तरी गिऱ्हाइकाच्या खातीं टाकावा लागे. नवें साधन शिकण्यांत किंवा दुसऱ्यासाठीं टिपण लिहिण्यांत गेलेला तास कोणाच्या खातीं टाकावयाचा? तो वायां गेलेला तास ठरे. दुसरें कारण याहून खोल होतें. त्या कंपनींत एक तर वर चढावें, नाहीं तर बाहेर पडावें, असा दंडक होता. वरच्या जागा थोड्या, उमेदवार पुष्कळ. अशा ठिकाणीं ज्याला त्याला दुसऱ्यापेक्षां कांहीं अधिक येत असल्याचें दाखवावें लागतें, आणि तें अधिक म्हणजे त्याची झांकली मूठच. ती सर्वांपुढें उघडावी आणि उद्यां बढतीच्या वेळीं रिकाम्या हातांनीं उभें राहावें, एवढा उदार माणूस विरळा. गमतीची गोष्ट अशी कीं, त्याच कंपनींत यंत्रें सांभाळणाऱ्या विभागांतील लोक हेंच साधन आनंदानें वापरीत होते. त्यांच्यामध्यें तशी चढाओढ नव्हती आणि तासांचा तसा हिशेबही नव्हता. साधन एकच, कंपनी एकच. परंतु जेथें रीत वेगळी तेथें फळही वेगळें.

आतां दुसरें चित्र पाहावें. झेरॉक्स हा शब्द मराठींत इतका रुळला आहे कीं, मूळ तें एका अमेरिकन कंपनीचें नांव आहे याची आठवण सहसा कोणास राहत नाहीं. कोर्टाच्या, तहसील कचेरीच्या किंवा कॉलेजच्या आसपास झेरॉक्सचें दुकान हें असावयाचेंच. या कंपनीनें १९५९ सालीं साध्या कागदावर नकला काढणारें यंत्र बाजारांत आणलें आणि कचेऱ्यांचें रूप पालटून टाकलें. हीं यंत्रें गुंतागुंतीचीं; तीं बसविलेलीं गिऱ्हाइकाच्या कचेरींत; आणि बिघडलीं कीं तेथें धांव घेणारे हजारों तंत्रज्ञ कंपनीच्या चाकरींत. प्रत्येकापाशीं दुरुस्तीची पुस्तिका असे. यंत्रावर अमुक अंक दिसला तर अमुक भाग तपासा, तो ठीक असेल तर तमुक बदला, असा तिचा थाट. शहाणपण पुस्तिका लिहिणारापाशीं आहे आणि तंत्रज्ञानें ती पाळली म्हणजे झालें, अशी त्यामागील समजूत होती.

१९८० च्या दशकांत कंपनीच्याच पालो आल्टो येथील संशोधन केंद्रांतील ज्युलियन ऑर या मानववंशशास्त्राच्या अभ्यासकानें तंत्रज्ञांबरोबर हिंडून त्यांचें काम जवळून पाहिलें. दूरच्या एखाद्या जमातीचे आचारविचार टिपावे त्याप्रमाणें त्यांनीं या मंडळींचें बोलणेंचालणें टिपलें; त्यावरील त्यांचा ग्रंथ १९९६ सालीं प्रसिद्ध झाला. त्यांना आढळलें तें पुस्तिकेच्या कल्पनेहून निराळें होतें. तंत्रज्ञ सकाळीं न्याहारीला एकत्र जमत, दुपारीं जेवावयास एकत्र बसत, आणि तेथें अखंड गोष्टी चालत. वरवर पाहणाराला हा वेळेचा अपव्यय वाटावा. परंतु या गप्पांचा विषय बहुधा यंत्रें हाच असे. कोणतें यंत्र कसें रुसलें, पुस्तिकेनें कसें भलत्याच वाटेला लावलें, आणि शेवटीं खरा दोष कोठें सांपडला, याच त्या कथा.

त्यांतील एक प्रसंग फार बोलका आहे. एक यंत्र कांहीं केल्या चालेना. तें जो दोषाचा अंक दाखवी त्याचा खऱ्या दोषाशीं मेळ बसत नव्हता, आणि पुस्तिकेप्रमाणें करून कांहीं उपयोग होत नव्हता. तंत्रज्ञानें आपल्याहून अनुभवी तज्ज्ञाला बोलावलें; त्यालाही उलगडा होईना. दोष सांपडत नाहीं म्हणून यंत्रच बदलून द्यावें, तर गिऱ्हाइकापुढें कंपनीची नाचक्की. तेव्हां ते दोघे त्या यंत्रापुढें बसले आणि एकमेकांना आठवणी सांगूं लागले. अशाच खोडीचें यंत्र पूर्वीं कोठें पाहिलें होतें, त्या वेळीं काय निघालें होतें, अमका सहकारी काय सांगत होता, असें बोलत बोलत, मधून यंत्र चालवून पाहत, त्यांनीं कित्येक तास घालविले. गोष्टींतून गोष्ट निघत अखेर निदान जुळलें. पुढें तीच हकीगत त्यांनीं इतर सोबत्यांना सांगितली, आणि पुस्तिकेंत नसलेला एक तोडगा साऱ्या मंडळींच्या संग्रहीं जमा झाला.

सल्लागार आपली मूठ झांकून ठेवीत, आणि हे तंत्रज्ञ ती न्याहारीच्या टेबलावर रोज उघडीत. हे स्वभावतःच अधिक सज्जन होते असें मानण्याचें कारण नाहीं. गोष्ट सांगणाराला येथें कांहीं गमवावें लागत नसे. उलट, अवघड यंत्र वठणीवर आणणारा म्हणून त्याचा लौकिक वाढे. ऐकणाराला उद्यां उपयोगी पडेल असें कांहीं मिळे. शिवाय ऐकणारेही त्याच धंद्यांतील असल्यानें थाप पचण्याचा संभव नव्हता. मान, लाभ आणि पारख या तिन्ही गोष्टी त्या गप्पांत आपोआप साधत होत्या.

हें लक्षांत आल्यावर संशोधन केंद्राच्या पुढाकारानें कांहीं तंत्रज्ञांच्या हातीं परस्परांशीं बोलण्याचे छोटे रेडिओ देण्यांत आले. आतां एका इमारतींत अडलेला तंत्रज्ञ दुसऱ्या इमारतींतील सोबत्याला जागेवरूनच विचारूं शकत होता; न्याहारीचें टेबल जणूं सबंध शहरभर पसरलें. नवखे नुसतें ऐकून ऐकून शिकूं लागले. परंतु बोललेला शब्द हवेंत विरतो. ज्यानें तो त्या क्षणीं ऐकला नाहीं त्याला तो मिळत नाहीं, आणि दुसऱ्या देशांतील तंत्रज्ञाला तर मुळींच नाहीं.

संशोधन केंद्रांतील शास्त्रज्ञांनीं प्रथम कृत्रिम बुद्धीचा मार्ग धरला होता: यंत्राचें निदान करणारें दुसरें शहाणें यंत्र बनवावयाचें. तंत्रज्ञांना तें दाखविलें तेव्हां त्यांच्या बोलण्यांतून एक गोष्ट स्पष्ट झाली. जें आधींच लिहिलेलें आहे त्यासाठीं त्यांना मदत नको होती; जें कोठेंच लिहिलेलें नाहीं तेथें त्यांचें खरोखर अडत होतें. आणि तें न लिहिलेलें तर त्यांच्याच सोबत्यांपाशीं होतें. यांतून 'युरेका' या व्यवस्थेचा जन्म झाला. १९९० च्या दशकांत तिचा पहिला मोठा प्रयोग फ्रान्स देशांत झाला. तेथें टेलिफोनच्या तारेवर चालणारीं 'मिनिटेल' नांवाचीं छोटीं पडदायंत्रें सर्वत्र पसरलेलीं होतीं. त्यांवरूनच तंत्रज्ञांना तोडगे वाचतां येऊं लागले.

'युरेका'ची रचना त्या गप्पांच्या रीतीवरच बेतलेली होती. तंत्रज्ञानें सुचविलेला तोडगा पारखण्यासाठीं कोणा साहेबाच्या टेबलावर जात नसे. तो त्याच धंद्यांतील अनुभवी सोबत्यांकडे जाई. त्यांनीं तो पारखून मान्य केला म्हणजे सर्वांसाठीं प्रसिद्ध होई, आणि त्याबरोबर ज्याचा तोडगा त्याचें नांवही झळके. प्रारंभीं प्रत्येक तोडग्यामागें कांहीं रोख बक्षीस द्यावें अशी सूचना निघाली होती. ती तंत्रज्ञांनींच नको म्हटली. पैसे ठेवले कीं लोक तोडगे मोजूं लागतील आणि त्यांचा कस पाहणार नाहींत, अशी त्यांना भीति होती. नांव मात्र हवें, आणि तें तोडग्यालाच जोडलेलें हवें, असा त्यांचा आग्रह होता. इलिनॉय विद्यापीठांतील सतरा वर्षांच्या मुलाला जें सुचलें होतें, तेंच फ्रान्समधील या कसबी लोकांनींही स्वतंत्रपणें ओळखलें होतें.

फ्रान्सनंतर ही व्यवस्था कॅनडांत आणि पुढें अमेरिकेंत व इतर देशांत पसरली. तिच्याविषयीं एक हकीगत नेहमीं सांगितली जाते. ब्राझील देशांतील एका तंत्रज्ञापुढें सुमारें ४०,००० डॉलर किमतीचें एक रंगीत यंत्र वारंवार बिघडत होतें, आणि तें बदलून देण्याचें घाटत होतें. तेवढ्यांत 'युरेका'वर मॉन्ट्रियलच्या एका तंत्रज्ञाचा तोडगा मिळाला: अवघ्या कांहीं सेंटांचा एक क्षुद्र भाग बदलावा. तो बदलला आणि यंत्र चालूं लागलें. त्या दोघांनीं एकमेकांना पाहिलेलेंही नव्हतें. परंतु एकानें आपली मूठ उघडली होती, म्हणून हजारों मैलांवर दुसऱ्याचें काम तडीस गेलें. आणि ज्यानें ती उघडली त्याचें नांव तेथवर पोंचलें.

फ्रेंच तंत्रज्ञांची पैशाविषयींची भीति कितपत खरी होती, याचा दाखला भारतांतच मिळतो. १९८१ सालीं पुण्यांत स्थापन झालेली आणि पुढें बंगळूरला स्थिरावलेली इन्फोसिस ही कंपनी आपल्या नोकरांचें ज्ञान एकत्र करण्यासाठीं बरींच वर्षें झटत होती. लोकांनीं अधिक उत्साहानें लिहावें म्हणून तिनें २००१ च्या सुमारास एक योजना काढली. जो लिहील, जो दुसऱ्याचें लेखन तपासील, त्याला कांहीं गुण मिळावे आणि त्या गुणांच्या बदल्यांत वस्तु किंवा पैसे घेतां यावे. रघु गरुड आणि अरुण कुमारस्वामी या अभ्यासकांनीं २००५ सालीं प्रसिद्ध केलेल्या निबंधांत या योजनेची हकीगत आली आहे. योजना निघतांच लेखांचा पूर लोटला. परंतु त्यांतील उपयुक्त कोणतें व भरताड कोणतें, हें निवडणें कठीण होऊन बसलें. जी मदत पूर्वीं सहज, स्नेहापोटीं केली जाई, तिच्यांतही गुणांचा हिशेब डोकावूं लागला. कंपनीनें चूक ओळखली आणि पुढें संख्येपेक्षां उपयोगावर व गौरवावर भर देणारी रीत घातली, हें तिला भूषणावह आहे.

त्यानंतरच्या साधनांची जंत्री मोठी आहे. १९९५ सालीं वॉर्ड कनिंगहॅम यांनीं कोणालाही सुधारतां येईल अशा पानांची 'विकि' ही पद्धति काढली. २००६ सालीं अँड्र्यू मॅकॅफी यांनीं अशा खुल्या साधनांचा कचेरींत उपयोग करण्याच्या कल्पनेला नांव देऊन ती लोकप्रिय केली. २००८ सालीं कचेरींतील स्नेहजाळें म्हणून 'यामर' निघालें. चारच वर्षांत मायक्रोसॉफ्टनें तें १२० कोटी डॉलरांना घेतलें. एक संगणकी खेळ तयार करणाऱ्या मंडळींनीं आपल्या आपसांतील निरोपांसाठीं एक साधन बनविलें होतें; खेळ बुडाला, साधन तरलें, आणि २०१४ सालीं तें 'स्लॅक' या नांवानें सर्वांसाठीं खुलें झालें. २०१७ सालीं मायक्रोसॉफ्टचें 'टीम्स' आलें. २०२० च्या महामारींत कचेऱ्यांना कुलुपें लागलीं तेव्हां अशाच साधनांवर लक्षावधि माणसांचा रोजगार तरला. उलट, फेसबुकच्या धर्तीवर २०१६ सालीं निघालेलें कचेऱ्यांसाठींचें जाळें बंद करण्याचा निर्णय त्याच्या चालकांनीं २०२४ सालीं जाहीर केला. साधनें येतात आणि जातात. प्रश्न मात्र १९९२ सालीं होता तोच उरतो.

किंबहुना तो आतां अधिक तीव्र झाला आहे. न्याहारीच्या टेबलावर तंत्रज्ञ जें बोलत तें साहेबाच्या कानीं जात नसे. पुस्तिका चुकली, आपणही चुकलों, अमका भाग उगीच बदलला, हें सारें तेथें मोकळेपणानें कबूल केलें जाई. आणि खरें शिक्षण होई तें या कबुलींतूनच. लिहिलेलें जाळें विसरत नाहीं. तेथील शब्द वर्षानंतरही शोधतां येतो, आणि शोधणारा सोबतीच असेल अशी खात्री नसते. आपली चूक उद्यां आपल्याच विरुद्ध पुरावा म्हणून मांडली जाईल अशी शंका आली, कीं माणूस जाळ्यावर केवळ गुळगुळीत, निरुपद्रवी तेवढेंच लिहितो, आणि खरें बोलणें पुन्हां चहाच्या टेबलाकडे वळतें. मग जाळें गजबजलेलें दिसतें. परंतु त्याच्या हातीं ज्ञान फारसें लागत नाहीं.

कामकऱ्याचें ज्ञान ही त्याची आयुष्यभराची कमाई असते. ती तिजोरींतून काढून घ्यावी तशी काढून घेतां येत नाहीं; ती त्यानें आपण होऊन द्यावी लागते. देणाराचें नांव राखलें, त्याच्या देण्याची पारख त्याच्याच तोलाच्या माणसांनीं केली, आणि दिल्याबद्दल त्याला पस्तावण्याची पाळी आली नाहीं, तर साध्या पडद्यावरील चार ओळींनींही एका खंडाचें ज्ञान दुसऱ्या खंडांत पोंचतें. या तीन गोष्टी नसल्या तर कोट्यवधि डॉलरांचें जाळेंही रिकामें राहतें. एखाद्या कचेरींत नवें साधन बसविण्याचा बेत ठरेल, तेव्हां तें बसविणारांनीं प्रथम आपल्या येथील जुन्या हेडक्लार्कपाशीं घटकाभर बसावें. त्यानें आजवर मूठ कां झांकून ठेवली, हें तो मोकळेपणानें सांगूं शकला, तर निम्मी मूठ तेथेंच उघडली असें समजावयास हरकत नाहीं.